झाड क्रमांक चौदा

कलम अठरा, पोटकलम क:
व्यापारी जागा आणि राहतं घर यांच्या मध्ये
सहा फुटी हिरवा पडदा,
लागवडीपासून तीन वर्षांत इतका दाट
की पलीकडचं काही दिसता कामा नये.
कचऱ्याच्या पेट्यांना तीन बाजूंनी भिंत, चौथीला दार,
दार बंद.
छपरावरची यंत्रंसुद्धा झाकायची,
जणू इमारतीलाही लाज असते.

मी नगरपालिकेची माणूस.
माझ्याकडे एक काठी, फुटाफुटाला लाल पट्टा मारलेली,
एक पाटी, आणि पेन्सिल.
नेब्रास्काच्या जानेवारीत पेनातली शाई चालत नाही.

शीतगोदामवाल्यांनी सगळं नीट केलं होतं.
सत्तावीस मोरपंख्या, मुळांना गोणपाट.
नकाशावर सत्तावीस हिरवे गोल,
कंपासनं काढलेले, कधीच न वाळणारे.

जनसुनावणीला एकच माणूस आला.
अॅम्ब्रोज ह्रूश्का, वय एक्याऐंशी,
ज्याच्या ओसरीसाठी हा सगळा खटाटोप.
टोपी काढून हातात धरली, म्हणाला,
"मला पडदा नको."
अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं.
"तो तुमच्या संरक्षणासाठी आहे."
"कशापासून?"
"दिसण्यापासून."
त्याला तीन मिनिटं दिली होती. उरलेली अडीच
त्यानं टोपीची कड फिरवण्यात घालवली.
ठराव मंजूर.

पहिल्या वर्षी चौदावं झाड वाळलं.
मी लिहिलं: मृत, एक. बदलावं.
दुसऱ्या वर्षी, त्याच्या जागी आणलेलं, तेही वाळलं.
तेराला काही नाही. पंधरा तर मस्त तरारलेलं.
गोदामाच्या मॅनेजरनं मातीची तपासणी करून घेतली,
नर्सरीवाल्याशी भांडला.
मी गुडघ्यावर बसले, चिमूटभर माती नाकाशी नेली.

शेपू. लसूण. मीठ.

लुडमिला ह्रूश्का गेली तेव्हा तळघरात
काकडीच्या लोणच्याच्या साठ बरण्या होत्या,
हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे.
काकड्या तो खातो.
पाण्याचं काय करतो, हे आता मलाही ठाऊक होतं.

त्या रात्री गेले. ऑफिसच्या कामासाठी नाही.
गाडीचे दिवे विझवून थांबले.
दोन वाजता तो ओसरीवर आला,
नाइटगाऊनवर कोट, हातात कप.
पलीकडे धक्क्यावर दिव्यांचा पांढरा चौकोन,
मागे सरकणाऱ्या फोर्कलिफ्टची टिटवी,
मग शांतता.
होदान खाली उतरली, हेल्मेटखाली रुमाल, नारिंगी जाकीट,
थर्मासातून चहा ओतला, वाफ आली,
आणि झाकण उंच धरलं,
तेरा आणि पंधराच्या मधल्या फटीकडे.
ह्रूश्कानं कप उचलला.

इतकंच. दोघं प्यायले.
कुणी हाक मारली नाही; मारली असती तरी
तिचं सोमाली, याचं चेक,
आणि मध्ये साठ फूट थंडी.
सात मिनिटांनी टिटवी परत सुरू.

अहवालात लिहिलं:
झाड क्रमांक चौदा, मृत.
नवी लागवड पुढच्या हंगामात, जमीन मऊ झाल्यावर.
नियमात हे बसतं.
बसतं म्हणजे, मी बसवलं.
दृष्टीआड सृष्टी करण्याचा मला पगार मिळतो;
थोडा काणाडोळा त्यातच धरते.

काल नवं रोप आलं. कंबरेइतकं, बिचारं,
गोणपाटात पाय गुंडाळून उभं.
ह्रूश्का कुंपणाशी येऊन पाहत होता,
दवाखान्यात शेजारच्या खाटेकडे पाहावं तसा.
काठी रोवता रोवता मी विचारलं,
"किती उरल्यात?"
तो दचकला नाही.
"नऊ."
मग बऱ्याच वेळानं,
"या वर्षी काकड्या मीच लावल्यात.
वेलाला मांडव घालावा लागेल.
उंचीची काही अट आहे का तुमची?"

मी पाटी चाळली, पुढून मागून.
म्हटलं, मांडवाला कलम नाही.